क्लोटीची ओळ

प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम ही कल्पना ज्याच्या सुपीक डोक्यातून निघाली, त्याला एकदा ओडेसा मेब्रीच्या जागी उभं करायला हवं. हातात माइक, दोन्ही गुडघे ठणकताहेत, आणि खुर्च्यांच्या रांगांतून अंग चोरत जाऊन प्रश्न विचारणाऱ्याच्या तोंडाशी तो माइक धरायचा. त्याच्या हातात द्यायचा नाही, हा तिथला पहिला नियम. एकदा माणसाच्या हातात माइक गेला की तो स्वतःच्या लग्नापासून सुरुवात करतो. म्हणून माइक ओडेसाच्या मुठीत आणि त्या माणसाचं तोंड मुठीपासून चार बोटांवर. कुणी दुपारी कांदा घालून डुकराचं मटण हाणलेलं, कुणी बिअर ढोसून आलेला. थुंकी उडायची ती थेट तिच्या पांढऱ्या हातमोज्यांवर. कार्यक्रम संपला की ती मोजे उलटे करून पिशवीत कोंबायची आणि घरी गेल्या गेल्या उकळत्या पाण्यात टाकायची. शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांची उष्टी ताटं खरवडण्यात तिची उभी हयात गेली होती, पण एवढी किळस तिला तिथंही कधी आली नव्हती.

साउथ मेम्फिसमधल्या एका जुन्या थिएटरात हे कार्यक्रम व्हायचे. सोल गाणी, आम्हा काळ्यांची ती काळीज ओतून म्हणायची गाणी, गाऊन म्हातारे झालेले, म्हणजे त्यातले जे उरलेत ते, एकेक जण रविवारी दुपारी मंचावर येऊन बसायचा. आधी थोडी मुलाखत, मग लोकांचे प्रश्न. लोक म्हणजे आपल्या वस्तीतले मूठभर, तेही चर्चमधून परस्पर आलेले, डोक्यावर टोप्या तशाच. बाकी सगळे बाहेरगावचे. कुणी इंग्लंडहून, कुणी बेल्जियमहून, छातीवर म्हाताऱ्यांचे तरुणपणचे फोटो छापलेले शर्ट घालून आलेले.

"सर, त्या काळात स्टेजवर तुम्ही कुठले बूट घालायचात?"

"सर, माझा प्रश्न असा नाही, एक छोटंसं मनोगत आहे..."

"सर, आज माझ्या बायकोचा वाढदिवस आहे. ही काय, इथंच बसलीय. दोन ओळी गाता का तिच्यासाठी?"

ज्या माणसाला याच शहरात एके काळी हॉटेलच्या मागच्या दारानं जेवण घ्यावं लागायचं, त्यानं आता ह्यांच्या बायकोचा वाढदिवस साजरा करायचा. आणि तो करायचाही! सगळे नकली दात दाखवत गायचा. मागणाऱ्याला लाज नाही आणि देणाऱ्याला त्याहून नाही. ओडेसा माइक धरून छताकडे बघत राहायची.

"मग जातेस कशाला मरायला?" शेजारची ल्युवेनिया विचारायची. "एक दमडी देत नाहीत ते तुला."

"गुडघ्यांना तेवढीच हालचाल," ओडेसा म्हणायची.

ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. ओडेसा जायची ती लिओटिस ग्रँडबेरीसाठी. तो वर्षातून दोनदा तरी त्या मंचावर यायचा, आणि दर खेपेला कुणी ना कुणी तो एक प्रश्न विचारायचंच, आणि त्या प्रश्नाचं खरं उत्तर तो एकदा तरी देईल या आशेवर ती बाई गुडघे झिजवत होती.

लिओटिसचं ते गाणं आपल्याकडं पोरासोरांनाही पाठ आहे. घराबाहेर काढलेला माणूस दाराशी उभा राहून विनवण्या करतोय. सगळं गाणं साधंच आहे, खरं सांगायचं तर रडकं आहे. पण शेवटी तो विचारतो, "कुठं जाऊ, सांग?" आणि गप्प होतो. वाद्यं चालू राहतात. ऐकणाऱ्याला वाटतं, संपलं बहुतेक. आणि मग मागून कुठून तरी एका मुलीचा आवाज वर चढतो, "घरी ये..." असा, की भांडी घासणारी बाईसुद्धा नळ बंद करून उभी राहते. त्या दोन शब्दांवर लिओटिस ग्रँडबेरी पन्नास वर्षं जेवला.

तो आवाज ओडेसाच्या धाकट्या बहिणीचा, क्लोटीचा. दोघी तेव्हा कोवळ्या पोरी होत्या, चर्चमध्ये गायच्या, आणि लिओटिसच्या मागं हुं-हुं करायला त्यांना स्टुडिओत नेलं होतं. तो थांबला तो काही कलेबिलेसाठी नाही. पुढची ओळ विसरला होता गाढव! त्याला घाम फुटला, डोळे फिरले, आणि क्लोटीनं ओळ उचलली.

आता हे ओळ उचलणं आमच्याकडं जन्मापासून अंगात मुरलेलं असतं. चर्चमध्ये एखादी बाई उभी राहून गाते, नवरा नुकताच गेलेला असतो, मधेच तिचा गळा भरून येतो. मग बाकावरून कुणीतरी ओळ उचलायची आणि ती सावरेपर्यंत गाणं चालू ठेवायचं. गाणाऱ्याला पडू द्यायचं नाही. आणि नंतर त्याचा उच्चार करायचा नाही. 'मी होते म्हणून तू तरलीस' असं म्हणणारी बाई आमच्यात हलकी समजतात. केलेलं बोलून दाखवलं की ते मातीत गेलं. म्हणून क्लोटी बोलली नाही आणि ओडेसाही बोलली नाही. लिओटिस मात्र बोलत सुटला.

आधी आधी तो म्हणायचा, "होती कुणीतरी पोरगी, नाव आठवत नाही." पुढं म्हणायला लागला, "तो माझाच आवाज. टेप जोरात फिरवली, म्हणून बायकी वाटतो." आणि अलीकडं तर त्यानं कहरच केला. "माझी आई नुकतीच वारली होती," असं डोळ्यांना रुमाल लावून सांगायचा, "तिचा आत्मा त्या खोलीत आला आणि माझ्या कंठातून बोलला." शर्टवाले लोक हुंदके द्यायचे. अरे, कुठली आई वारली होती? ती म्हातारी त्यानंतर वीस वर्षं ठणठणीत होती. तिच्या हातची पीच घातलेली गोड पोळी ओडेसानं स्वतः खाल्लीय. वर त्या म्हातारीला हे गाणं बिलकूल आवडायचं नाही, दारूच्या गुत्त्यातलं गाणं आहे असं म्हणायची. खोटं बोल पण रेटून बोल, हे ठीक. पण जित्या आईला मारून वर तिच्याकडून गाऊन घ्यायचं? शी!

ओडेसा घरी येऊन तणतणायची. क्लोटी म्हणायची, "जाऊ दे गं. देवानं ऐकलंय ना?" क्लोटीचं सगळं आयुष्य असं 'जाऊ दे' म्हणण्यात गेलं. लाँड्रीत इस्त्री करत राहिली, पुन्हा कुठं गायली नाही. वाफेनं म्हणा, नशिबानं म्हणा, शेवटी फुप्फुसं गेली. आता ती ओडेसाच्या पुढच्या खोलीत नाकात नळी घालून पडून असायची.

त्या वर्षी रेडिओवाल्यांनी जाहीर केलं की लिओटिस ग्रँडबेरीचा कार्यक्रम थेट ऐकवणार. ओडेसा तेव्हा क्लोटीला मक्याची पेज भरवत होती. क्लोटीनं चमचा हातानं बाजूला केला.

"डेसा," ती म्हणाली, "या खेपेला तरी माझं नाव घेईल का गं तो?"

पन्नास वर्षांत या बाईनं एकदाही विचारलं नव्हतं. म्हणजे इतकी वर्षं मनात होतं, आणि वरवर 'जाऊ दे'!

"घेईल," ओडेसा म्हणाली. "नाही घेतलं तर मान धरून घ्यायला लावते."

डॉक्टरनं दिवस थोडेच राहिलेत असं सांगितलेलं होतं. तेव्हा हीच एक खेप होती.

रविवारी चर्च सुटल्यावर ओडेसा थेट थिएटरच्या मागच्या खोलीत गेली. लिओटिस साय रंगाचा सूट घालून, छातीला टॉवेल बांधून कोंबडीचे पंख खात बसला होता. हनुवटीवर तेल ओघळत होतं. केस काळेभोर रंगवलेले, आणि रंग कानाच्या पाळीवरही आलेला.

"सिस्टर ओडेसा! अजून तशीच दिसतेस बघ."

"खोटं बोलायची सुरुवात माझ्यापासून नको. क्लोटी आजारी आहे. आज रेडिओ ऐकणार आहे. ते कुणी गायलं होतं, हे लोक विचारतील. तू तिचं नाव घ्यायचंस."

त्यानं एक हाड चोखून बाजूला ठेवलं. "क्लोटी! गोड पोरगी. कशी आहे ती?"

"मरतेय. आजारी आहे म्हणून सांगितलं ना आत्ता."

"अरेरे." त्यानं दुसरा पंख उचलला. "घेतो की नाव. त्यात काय! आईची शपथ."

आईची शपथ म्हणे. त्या आईला त्यानं आधीच एकदा मारून ठेवलेलं. ओडेसाला त्याच्या बोटांवरच्या तेलाची किळस आली, पण शब्द मिळाला होता. ती हातमोजे चढवून बाहेर आली.

प्रश्न सुरू झाले. बूट झाले. बायको झाली. एका माणसानं मनोगत सांगता सांगता स्वतःच्या घटस्फोटापर्यंत मजल मारली, तेव्हा ओडेसानं सरळ माइक काढून घेतला. मग बेल्जियमची एक बाई उठली. चांगली होती बिचारी.

"सर, त्या शेवटच्या ओळीत जो आवाज आहे, तो कुणाचा?"

घरी रेडिओजवळ ओडेसा ल्युवेनियाला बसवून आली होती, आवाज मोठा ठेव म्हणून बजावून.

लिओटिसनं रुमाल काढला.

"काय सांगू, बाई," तो म्हणाला. "माझी आई नुकतीच वारली होती..."

तोंडाला पानं पुसली मेल्यानं! हाडं चोखता चोखता शपथ घेतो आणि तेल सुकायच्या आत मोडतो! बेल्जियमच्या बाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि ओडेसाला तिची, त्याची, त्या थिएटरची, सगळ्यांचीच ओकारी आली. तिनं माइक त्या बाईच्या तोंडापासून काढला आणि आपल्या तोंडाशी आणला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"ब्रदर लिओटिस," ती म्हणाली, "तुझी आई तेव्हा जिवंत होती. ती ओळ कुणी गायली, ते सांग."

सगळं थिएटर मागं वळलं. मुलाखत घेणारा तरुण उगाच हसला. लिओटिस खुर्चीतून उठला. रंगवलेल्या केसांखालचा चेहरा एकाएकी फार म्हातारा दिसायला लागला. वस्तीतल्या बायका टोप्या सावरून बसल्या. त्यांतली एक म्हणाली, "सांग, सांग." चर्चमध्ये म्हणतात तसं.

"ती..." तो म्हणाला. आणि थांबला. मग काय मनात आलं त्याच्या कोण जाणे, तो गायलाच लागला. वाद्यं नाहीत, काही नाही. फाटका, घोगरा आवाज. "कुठं जाऊ, सांग..." आणि तिथंच तो आवाज तुटला. पुढं काही येईना. ओठ हलताहेत, हात हवेत. म्हातारा माणूस शेकडो लोकांसमोर पडत होता.

आणि ओडेसाचं तोंड उघडलं. तिनं उघडलं नाही, आपसूक उघडलं. शिंक येते तसं आलं ते. "घरी ये..." माइक तोंडाशी होताच.

थिएटर उभं राहिलं. लोक रडताहेत, टाळ्या पिटताहेत, बेल्जियमची बाई ओडेसाच्या गळ्यात पडलीय. लिओटिस सावरला, त्यानं दोन्ही हात वर केले आणि ओरडला, "बघा! असं गात होतो आम्ही! माझी आई ऐकतेय!" वेळ मारून नेली त्यानं. मग एका माणसानं हात वर करून विचारलं, "सर, तुम्ही आवाजासाठी मध घेता का?"

ओडेसानं माइक जवळच्या खुर्चीवर ठेवला आणि ती चालायला लागली. तो खरंच अडखळला होता की ढोंग करत होता, याचा विचार ती रस्ताभर करत राहिली. म्हाताऱ्याला आमचं वळण ठाऊक होतं. पडल्यासारखं केलं की मेब्रीची पोरगी उचलणारच, हे त्याला ठाऊक होतं. नसेलही केलं तसं. पण तिला लिओटिसपेक्षा स्वतःच्या तोंडाची घाण वाटत होती. दोनदा रस्त्यात थुंकली ती.

घरी रेडिओ बंद होता. ल्युवेनिया पर्स उचलून गेली. क्लोटी उशीला टेकून छताकडे बघत होती.

"आवाज आहे अजून तुझा," ती म्हणाली.

"क्लोटी, माझ्या तोंडून कसं गेलं ते मला..."

"का उचललीस गं?"

ओडेसा खाटेच्या कडेवर बसली.

"थांबला होता तो," क्लोटी म्हणाली. दोन शब्द बोलायची, मग नळीतून श्वास घ्यायची. "सगळे गप्प होते. आणखी थोडं थांबली असतीस तर त्याला काहीतरी म्हणावंच लागलं असतं. पडू द्यायचं होतंस."

"आपल्याला शिकवलं नाही गं तसं."

"नाही शिकवलं," क्लोटी म्हणाली. "मलाही कुठं शिकवलं होतं? मीही पडू द्यायला हवं होतं त्याला. तेव्हाच." आणि तिनं भिंतीकडं तोंड केलं. ओडेसानं आपल्या बहिणीच्या तोंडून असा शब्द कधी ऐकला नव्हता. आयुष्यभर जिला सगळे देवमाणूस म्हणत आले, तिनं आपल्या चांगुलपणावर थुंकून टाकलं होतं, आणि ओडेसाला वाटलं, बरोबर केलं.

पुढच्या रविवारच्या आत क्लोटी गेली.

चर्च भरलं होतं. एरवी ओडेसा पांढरे हातमोजे घालून लोकांना जागा दाखवायला चर्चच्या दाराशी उभी असायची; त्या दिवशी ती घरच्यांच्या बाकावर होती, शवपेटीच्या समोर. प्रार्थना झाली, लाँड्रीतल्या बायका दोन शब्द बोलल्या. आणि मागचं दार उघडून लिओटिस ग्रँडबेरी आला. तोच साय रंगाचा सूट. बरोबर थिएटरवाल्यांचा फोटोग्राफर. मेलेल्याच्या दारातसुद्धा फोटोग्राफर! पाद्रीबाबांच्या कानाशी लागून काहीतरी म्हणाला, आणि पाद्रीबाबांनी काय करावं, त्याला पुढं बोलावलं. नाही कसं म्हणणार? मोठा माणूस.

त्यानं तेच गाणं सुरू केलं. ऑर्गनवाल्यानं सूर धरला. चर्चमध्ये ते गाणं कधी कुणी म्हटलं नव्हतं, पण कुणी हरकत घेतली नाही. लोक डोलायला लागले. काही झालं तरी थिएटरात फाटलेला त्याचा गळा इथं ऑर्गनच्या सुरावर चांगला लागला होता. कडवं झालं, दुसरं झालं. फोटोग्राफर वाकून वाकून फोटो काढत होता.

"कुठं जाऊ, सांग..."

आणि तो थांबला. सवयीनंच थांबला. त्या जागी तो पन्नास वर्षं थांबत आला होता, आणि पन्नास वर्षं मागून कुणी ना कुणी गायलं होतं. ऑर्गन वाजत राहिला. लोकांनी ओडेसाकडं पाहिलं. ओळ उचलायचा पहिला मान घरच्यांचा असतो.

ओडेसानं दात दातांवर घट्ट रोवले. जबडा दुखायला लागला. गळ्याशी आलेलं होतं, अगदी ओठांच्या आत येऊन ढकलत होतं, आणि तिनं ते कडू औषध गिळावं तसं गिळलं. मग ती उठून उभी राहिली आणि वळून लोकांकडं बघितलं. मागच्या बाकावर ल्युवेनियाचं तोंड उघडलेलं होतं. तिनं ते मिटलं. कुणीच उचलली नाही. ऑर्गनवाल्यानं इकडं तिकडं पाहिलं आणि हात उचलले.

एवढी शांतता त्या चर्चमध्ये आम्ही कधी ऐकली नव्हती. 'घरी ये' जिथं यायचं तिथं काहीच आलं नाही, आणि तिथं कुणाचा आवाज असायचा ते एकेकाला कळत गेलं. लिओटिसनं एकदा ओडेसाकडं पाहिलं, एकदा शवपेटीकडं. रुमालासाठी हात खिशात गेला आणि रिकामाच बाहेर आला. रंगाचा एक काळा ओघळ कानाजवळून गळ्यापर्यंत उतरला होता. फोटोग्राफरनं कॅमेरा खाली केला.

"ही ओळ," लिओटिस पुटपुटला, "ही ओळ क्लोटीची होती. क्लोटी मेब्रीची."

पुढच्या दोन बाकांपलीकडं कुणाला ऐकूही गेलं नसेल.

"मोठ्यानं बोल, लिओटिस," ओडेसा म्हणाली. "तिला आता कमी ऐकू येतं."